म्हातारपणाचा हिशेब



ज्यांच्या नावे चंद्रपुरात ही व्याख्यानमाला चालते त्या गुरुजींनी नोकरीच्या काळात शेकडो मुलांच्या जन्मतारखा ठरवल्या. गैरसमज नको. तेव्हा पोराला शाळेत घालायला बाप यायचा. गुरुजी विचारायचे, कधीचा आहे? बाप म्हणायचा, रोवणीच्या टायमाले झाला जी. कोणत्या सालची रोवणी, ते काही त्याला सांगता येत नसे. मग गुरुजी पोराला उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लावायला सांगत. कान हाताला लागला की पोरगा सहा वर्षांचा. दाखलखारीज रजिस्टरात १ जुलै टाकला की काम झालं. महाराष्ट्रभर १ जून आणि १ जुलैला जन्मलेल्यांची जी भाऊगर्दी आहे ती अशीच झाली. पुढे त्यातले जे नोकरीला लागले ते ३१ मे नाहीतर ३० जूनला घाऊक भावाने निवृत्त झाले, आणि हार-नारळाच्या दुकानदारांची चंगळ झाली.

आयोजकांनी मला विषय दिला आहे, काही माणसं म्हातारपणीही ठणठणीत का राहतात. मी डॉक्टर नव्हे. माझा जन्म संख्याशास्त्र शिकवण्यात गेला. त्यामुळे काय खावं, किती चालावं हे ऐकायला जे आले असतील त्यांनी मागच्या दाराने निघून जावं, मला राग येणार नाही. मी मोजणीबद्दल बोलणार आहे. ठणठणीत म्हाताऱ्याकडे कितीही निरखून पाहिलं तरी त्याच्या ठणठणीतपणाचं कारण तिथे सापडत नाही. ते हाती लागतं, जे त्याच्या वयापर्यंत पोचलेच नाहीत त्यांची मोजदाद केल्यावर. असली मोजदाद खेड्यापाड्यांत फार थोड्या ठिकाणी झाली आहे, आणि त्यातलं एक ठिकाण आपल्यापासून दोन तासांच्या रस्त्यावर आहे.

पण आधी वयाचं बघू. दर दोन-चार वर्षांनी वर्तमानपत्रात एक फोटो येतो. भामरागड किंवा एटापल्लीकडची एखादी आजी, सुरकुत्यांचं जाळं, हातात काठी, खाली ओळ, ‘वय १०५, अजूनही मोहफुलं वेचते’. मग पुण्या-मुंबईहून फोन येतात, त्या काय खातात हो? अशाच एका माडिया आजींकडे मी एकदा बसलो होतो. नातू दुभाष्याचं काम करत होता. कार्डावर जन्मतारीख होती १ जानेवारी १९४०. तारीख माहीत नसली की आधारवर बहुधा १ जानेवारीच येते, तो आपल्या गुरुजींच्या १ जुलैचा सरकारी अवतार. म्हणजे कार्डाप्रमाणे आजी पंच्याऐंशीच्या आणि गावाप्रमाणे शंभरीपारच्या. मी नातवाला म्हटलं, हेमलकशाला दवाखाना निघाला तेव्हाचं काही आठवतं का, विचार. आजी लगेच बोलू लागल्या. तेव्हा त्यांचं पहिलं मूल अंगावर पीत होतं, आणि ‘झाडाखाली बसणाऱ्या डॉक्टर’कडे त्या त्याला घेऊन गेल्या होत्या. हेमलकशाचा तो लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला डिसेंबर १९७३ मध्ये. पहिलं मूल अठराव्या-विसाव्या वर्षी धरलं, तर आजींचा जन्म १९५३-५४ च्या आसपासचा येतो. म्हणजे वय बहात्तरीच्या आगेमागे. आजी ठणठणीत होत्या यात वाद नाही. पण शंभरीचं रहस्य शोधायला आलेल्यांना तिथे शंभरीच सापडली नसती.

पाहणी करणारे लोक हीच युक्ती पद्धतशीरपणे वापरतात. त्या त्या भागातल्या लक्षात राहणाऱ्या घटनांची यादी सोबत ठेवायची, गोदावरीचा १९८६ चा महापूर, २६ ऑगस्ट १९८२ ला गडचिरोली वेगळा जिल्हा झाला तो दिवस, आणि माणसाचं लग्न, पहिलं बाळंतपण, थोरल्याची शाळा या घटनांना टेकवून वय काढायचं. तरीही आपल्याकडच्या जनगणनेत साठ, पासष्ट, सत्तर या वयांचे लोक एकसष्ट, अडुसष्टवाल्यांपेक्षा भलतेच जास्त निघतात. त्यात श्रावणबाळ योजनेचं निवृत्तिवेतन पासष्टीला लागू होतं. मग पासष्टी लवकर गाठण्याचा मोह कुणाला होणार नाही? मला तर त्यात काही गैरही वाटत नाही. उन्हात पन्नास वर्षं राबलेल्या माणसाने दोन वर्षं आधी पासष्ट व्हावं.

हे केवळ आपलंच रडगाणं आहे असं समजू नका. सॉल न्यूमन नावाच्या संशोधकाने जगभरच्या अतिवृद्धांच्या नोंदी तपासल्या. अमेरिकेत ज्या ज्या राज्यात जन्मनोंदणी नीट सुरू झाली, तिथे एकशे दहा वर्षांवरच्या माणसांची संख्या दोन तृतीयांशाहून अधिक घटली. कागद आला आणि म्हातारे नाहीसे झाले! जपानने २०१० मध्ये आपल्या शतायुषींचा शोध घेतला, तेव्हा दोन लाख तीस हजारांहून जास्त माणसं फक्त दप्तरात जिवंत निघाली. न्यूमनला या कामाबद्दल २०२४ चं इग नोबेल मिळालं, जे हसवून मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात.

रक्तात, म्हणजे जनुकांत, काही असेल का? कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संस्थेत एरिक टोपोल यांनी २००७ पासून ऐंशीच्या वरची, जुनाट आजार नसलेली, औषधं न घेणारी हजाराहून अधिक माणसं गोळा केली आणि त्यांतल्या कित्येकांची जनुकं अथपासून इतिपर्यंत वाचली. २०१६ मध्ये निष्कर्ष आला. दीर्घायुष्याचं असं खास जनुक मिळालं नाही. स्मृतिभ्रंश आणि हृदयविकाराचा वारसा या लोकांत थोडा कमी, एवढंच. डेन्मार्कच्या जुळ्यांवरून आयुर्मानाचा फार तर पाव हिस्सा वारशाने येतो असा अंदाज निघाला होता, पुढच्या काही अभ्यासांनी तोही आणखी खाली आणला. म्हणजे आजोबा नव्वद जगले म्हणून नातवाने निर्धास्त राहण्यात अर्थ नाही.

आता आपल्या दाराशी येऊ. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली, पुढे धानोऱ्याच्या रस्त्यावर चातगावजवळ तिचं शोधग्राम उभं राहिलं. बालमृत्यूंवरचं त्यांचं काम तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. म्हाताऱ्यांवरचं काम मात्र आपल्या जिल्ह्यातही फारसं कुणी वाचलेलं नाही. मेंदुरोगतज्ज्ञ डॉ. योगेश्वर कालकोंडे अमेरिकेतलं काम सोडून तिथे आले, आणि त्यांनी व सहकाऱ्यांनी एक साधा प्रश्न घेतला, आपल्या गावांत माणसं मरतात कशाने?

साधा प्रश्न, पण उत्तर काढायचं कसं? खेड्यात माणूस घरी मरतो. दाखल्यावर लिहितात ‘वृद्धापकाळ’. शवविच्छेदन नाही, डॉक्टर नाही. तेव्हा प्रशिक्षित कार्यकर्ता काही काळाने त्या घरी जातो, ओसरीवर बसतो आणि शेवटच्या दिवसांची हकीकत विचारतो. तोंड वाकडं झालं होतं का? कोणत्या अंगाचा हात पडला? बोलणं एकदम बंद झालं की जिभेला जडपणा आला? ताप होता? सकाळी उठला तेव्हापासून असं होतं, की शेतातून आल्यावर झालं? सून सांगते, मुलगा दुरुस्त करतो, शेजारीण मध्येच म्हणते, नाही जी, डाव्याच अंगाले लकवा मारला होता. हे सगळं ठरलेल्या नमुन्यात उतरतं आणि नंतर डॉक्टर त्यावरून कारण ठरवतात. अशी चौकशी एप्रिल २०११ ते मार्च २०१३ या दोन वर्षांत ८६ गावांत झाली, लोकसंख्या ९४,१५४. मृत्यू १,५९९. त्यांतले २२९ लकव्याचे.

शंभरात चौदा. मृत्यूच्या कारणांत पहिला नंबर. हिवतापाचा नाही, सर्पदंशाचा नाही, वाघाचा तर नाहीच. ताडोबाच्या वाघाने माणूस मारला की पहिल्या पानावर बातमी येते, आणि लकव्याने गेलेल्याचा पत्रकार परिषदेत कुणी उल्लेखही करत नाही. लकव्याने मेलेल्यांचं सरासरी वय ६७ होतं. शंभरातले ८७ घरीच गेले. जवळजवळ निम्मे झटका आल्यापासून महिन्याच्या आत संपले. उरलेले किती दिवस खाटेवर पडून होते आणि त्यांचं कोण करत होतं, याचा विचार तुम्हीच करा. अर्थात ती सूनच असणार.

जंगलातलं आयुष्य निरोगी, शुद्ध हवा, कष्टाचं शरीर, रानातलं खाणं, हे शहरातल्यांचं चित्र या एका आकड्याने मोडीत निघतं. मला त्याचं दुःख होत नाही. असल्या चित्रांनी आदिवासी माणसाचं आजवर भलं केलेलं नाही. सगळे ठणठणीतच आहेत म्हटलं की दवाखान्याची गरज उरत नाही.

पण मग कोडं उरतंच. रक्तदाब आणि लकवा हे तर जाड्या माणसांचे, खुर्चीवर बसणाऱ्यांचे आजार ना? गडचिरोलीचा माणूस काटक, पोट पाठीला लागलेलं. बोलिव्हियाच्या जंगलातले चिमाने नावाचे लोक असेच काटक. त्यांच्या ७०५ जणांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या तपासल्या, त्यावरचा लेख २०१७ च्या लॅन्सेटमध्ये आला. शंभरातल्या पंच्याऐंशींच्या रक्तवाहिन्यांत चुन्याचा थर नाही. ऐंशीचा चिमाने आणि पंचावन्नचा अमेरिकन यांच्या रक्तवाहिन्या सारख्या. ॲमेझॉनच्या यानोमामींचा रक्तदाब वयाबरोबर वाढतच नाही, हे १९८८ च्या ५२ केंद्रांवरच्या मोठ्या पाहणीत दिसलं. यानोमामी मीठ जवळजवळ खातच नाहीत. आपलेही वनवासीच की. मग आपल्याकडेच का? आदिवासींच्या आरोग्यावर केंद्र सरकारने डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. तिचा २०१८ चा अहवाल म्हणतो, प्रौढ आदिवासींत चौघांत एकाला उच्च रक्तदाब.

याचं उत्तर मला आठवडी बाजारात दिसतं. जुनी माणसं सांगतात, व्यापारी मिठाची पोती घेऊन यायचे आणि मापाला माप चारोळी घेऊन जायचे. जंगलात मीठ पिकत नाही, म्हणून ते सोन्यासारखं होतं. आज त्याच बाजारात मीठ सगळ्यांत स्वस्त. भाताबरोबर कालवण पातळ, डाळ परवडेल तेवढीच, मग चव येणार कशाने? मिठाने, आणि सुकटीने. ज्यांच्या पूर्वजांना चिमूटभर मिठासाठी चारोळी द्यावी लागे, त्यांच्या पानात मीठ आता हातचं न राखता पडतं.

मिठाच्या शेजारी पानठेला. खर्रा कसा होतो ते पाहिलंय ना? सुपारीचा चुरा, तंबाखू, चुना, सगळं पन्नीत घालून दुकानदार ती पाटीवर घासत राहतो, घासत राहतो, चुना मुरून रंग बदलेपर्यंत. ती पुडी शाळेतल्या पोरापासून आजीपर्यंत सगळ्यांच्या कमरेला. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे, तरी खर्रा पानठेल्यावर डोळ्यांदेखत घोटला जातो. त्याच समितीच्या अहवालात आहे, १५ ते ५४ वयाच्या आदिवासी पुरुषांत ७२ टक्के तंबाखू घेतात, निम्म्याहून जास्त दारू. तंबाखूतलं निकोटीन रक्तवाहिन्या आकसवतं, दारू दाब चढवते, मीठ तो वरच ठेवतं. आणि रक्तदाब दुखत नाही. तो दुखत असता तर पुजाऱ्याकडे, वैदूकडे, कुणाकडे तरी माणूस गेला असता. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, २०१६ पासून दारू-तंबाखूविरोधी ‘मुक्तिपथ’ कार्यक्रम चालू आहे. आपल्या चंद्रपुरात २०१५ ला बंदी आली आणि २०२१ ला उठली. इथे टाळ्या कोणत्या बाजूने वाजतील हे मला माहीत आहे, म्हणून पुढे जातो.

मग त्या बहात्तरीच्या आजी ठणठणीत कशा? इथे माझ्यातला संख्याशास्त्राचा मास्तर जागा होतो. आज जे सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत ते १९४०-५० च्या दशकांत जन्मले. त्या काळी देशात पाच-सहा मुलांमागे एक वर्षाच्या आत जायचं, जंगलात त्याहून जास्त. वाचलेल्यांना हिवतापाने धरलं, बायांना बाळंतपणाने. सुपात पाखडल्यावर जे दाणे उरले ते ही माणसं. त्यांच्याकडे पाहून जंगलाचं खाणं किती पौष्टिक असं म्हणणं म्हणजे कोंडा कुठे गेला हे न विचारणं. ‘सर्च’ने १९८८ मध्ये मोजलं तेव्हाही हजार बालकांमागे १२१ वर्षाच्या आत जात होती. आणि आदिवासींचं जन्माच्या वेळचं सरासरी आयुर्मान ६३.९ वर्षं होतं, बाकीच्यांचं ६७, असं तोच २०१८ चा अहवाल सांगतो. आजींच्या बरोबरीच्या कितीजणी गेल्या, हे मी नातवामार्फत विचारलं होतं. आजी बोटं मोजू लागल्या, मग मोजायचं सोडून दिलं.

कष्टाबद्दलही जरा बोलू, कारण ‘हालचाल करा’ हा सल्ला आता आमच्या फिरायला जाणाऱ्या मंडळींचा वेदमंत्र झाला आहे. रोवणीच्या दिवसांत बाई सकाळपासून चिखलात वाकलेली असते. कंबर सरळ करायची ती बांधावर भाकर खाताना. डोक्यावर मोळी, कडेवर पोर. हाही व्यायामच म्हणा! ‘सर्च’ने गावकऱ्यांना तुमचं दुखणं काय असं विचारलं, तेव्हा कंबरदुखी, पाठदुखी पुढे आली. त्यातून मुंबईच्या डॉ. शेखर भोजराज यांच्यासारखे मणक्याचे शल्यविशारद शोधग्रामच्या माँ दंतेश्वरी दवाखान्यात येऊन शस्त्रक्रिया करू लागले. हालचाल चांगली खरी, पण ती कुणाच्या मर्जीने आणि किती ओझ्याखाली, यावर ती शरीर घडवते की मोडते ते ठरतं. फिरायला जाणारा माणूस गुडघा दुखला की घरी बसू शकतो.

आणि ठणठणीत म्हणजे तरी काय? वरोऱ्याच्या बाबा आमट्यांना मणक्याच्या आजाराने बसणं अशक्य झालं होतं. उभं राहायचं नाहीतर आडवं पडायचं, मधली सोय नाही. कुठल्याही तपासणीत बाबा ‘निरोगी वृद्ध’ ठरले नसते. तो माणूस १९८५ मध्ये, सत्तरीत, भारत जोडो यात्रेला निघाला. पंच्याहत्तरीत नर्मदेच्या काठी कसरावदला जाऊन राहिला, आणि ९३ व्या वर्षी, फेब्रुवारी २००८ मध्ये, आनंदवनात निवर्तला. स्क्रिप्सच्या यादीत बाबांना दाराबाहेरच उभं केलं असतं, म्हणजे त्यांना सोयीचंच झालं असतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ च्या अहवालात निरोगी म्हातारपणाची व्याख्या बदलली. आजार आहे की नाही हे पाहू नका, त्या माणसाला जे मोलाचं वाटतं ते त्याला करता येतं का हे पाहा. त्यात शरीराची कुवत आली आणि भोवतालही आला. आनंदवनात कुष्ठरोगाने बोटं झडलेली, तळपाय बधिर झालेली माणसं म्हातारी झाली, पण कामात राहिली, कारण अवजारांपासून वसतीपर्यंत भोवताल त्यांच्या हातापायांना धरून रचला होता. मला हा म्हातारपणाच्या संशोधनातला मोठा प्रयोग वाटतो. तो तशा नावाने कुणी केला नाही, एवढंच.

चंद्रपूर शहराचा भोवताल मात्र म्हाताऱ्यांना धरून रचलेला नाही. पारा ४७ च्या पुढे, कोळशाच्या खाणी, वीज केंद्र. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये प्रदूषणाचा निर्देशांक काढला तेव्हा आपण देशात चौथे होतो, ८३.८८. वयस्क शरीराला घाम कमी येतो, तहान उशिरा कळते, आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या पाणी बाहेर काढतात. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत दुपारी एकटा असलेला म्हातारा हा इथला सर्वांत धोक्यातला माणूस. त्याच्या दाखल्यावरही ‘वृद्धापकाळ’च येतं.

शेवटी एका पिढीबद्दल सांगतो. १९९५-९६ मध्ये ‘सर्च’च्या आरोग्यदूतांनी ३९ गावांत घरोघरी जाऊन नवजात बाळांची वजनं केली. गाठोड्यासारखं झोळीत घालून, काट्याला लटकवून. त्यातली सुमारे ४२ टक्के बाळं अडीच किलोच्या आत भरली. घरीच घेतलेल्या काळजीमुळे नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले, १९९९ च्या लॅन्सेटमध्ये ते छापून आलं, आणि पुढे तीच रीत देशभरच्या आशा सेविकांच्या हाती गेली. एरवी सुपातून खाली पडली असती अशी बाळं जगली. आता दुसरीकडे बघा. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक १९९३ पासून सहा खेड्यांतली मुलं जन्माआधीपासून मोजत आहेत. आपलं बाळ दिसायला बारीक, पण त्याच्या अंगात चरबीचा वाटा जास्त, असं त्यांना आढळलं. इंग्लंडात हर्टफर्डशायरच्या जुन्या सुइणींच्या नोंदवह्यांवरून डेव्हिड बार्कर यांनी दाखवलं होतं की जन्मतः हलकी भरलेली बाळं मोठेपणी हृदयविकाराने जास्त मरतात. हे दोन धागे जोडले तर गडचिरोलीच्या त्या बाळांना चाळिशीतच रक्तदाब आणि साखर गाठू शकते.

ती बाळं आज तिशीत आहेत. सरकारी कार्यक्रमात रक्तदाबाची तपासणी तिशीपासूनच सुरू होते, तो मोजायचा पट्टा आशाताईंच्या पिशवीत असायला हवा. आणि माडिया आजींना होता तसा वयाचा घोळ या पिढीला नाही. त्यांची जन्मतारीख, जन्मवेळेचं वजन, सगळं कुणीतरी लिहून ठेवलेलं आहे. त्यांतले बरेचजण आता गावात नाहीत. कुणी तेलंगणात मिरची तोडायला गेलंय, कुणी नागपुरात बांधकामावर आहे, काही मुली लग्न होऊन छत्तीसगडात. त्यांना शोधून काढून दर पाच वर्षांनी पट्टा बांधणारा कुणीतरी पाहिजे. काम कंटाळवाणं आहे, तीस वर्षं चालणारं आहे, आणि त्याचा फोटो वर्तमानपत्रात येणार नाही. या सभागृहात संख्याशास्त्राचे नाहीतर नर्सिंगचे विद्यार्थी बसले असतील, तर कार्यक्रम संपल्यावर त्यांनी मला भेटावं, मी चहाच्या टेबलाजवळ आहे.